गाबोळीतलं बियाणं

मृगाचे पहिले दोन-तीन दणके बसले, की जव्हार-मोखाड्याच्या ओहोळांना गढूळ पाणी येतं आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने मासे चढायला लागतात. ठाणे, पालघर, रायगडात याला वलगण म्हणतात. इतरत्र चढणीचे मासे. वैतरणा, पिंजाळ, वाघ, लेंडी या नद्यांच्या डोहांत उन्हाळा काढलेला मासा ओहोळातून थेट भातखाचराच्या बांधापर्यंत येतो. रात्री बॅटऱ्या निघतात. पाग, टोपली, कामट्यांचा सापळा, काहीच नसलं तर जुनी साडी, जे हाताशी असेल ते घेऊन माणसं पाण्यात उतरतात. मासा चढतो अंडी घालायला, म्हणून वलगणीचा मासा चिरला की बहुतेक वेळा आत गाबोळी निघते. दोन लांबट पिशव्या, वर तांबड्या शिरांची जाळी असलेला पातळ पापुद्रा आणि आत खसखशीपासून मोहरीएवढे दाणे. तव्यावर टाकली की पांढरी पडते, घट्ट होते, आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या ताटात जाते.

हा लेख त्या दाण्याबद्दल आहे. पाण्यात सुटला, फळला, तर त्यातून दीड-दोन दिवसांत पिल्लू निघतं. त्या पिल्लाचे डोळे, कणा, पर कसे घडतात हा एक विषय झाला. दुसरा त्याहून अवघड: पिल्लाच्या अंगातल्या हजारो पेशींपैकी कोणत्या पेशी त्याची स्वतःची गाबोळी होणार, हे कधी ठरतं? आणि ठरवतं कोण? या पेशींना आद्य जननपेशी म्हणतात. अंगातली बाकी प्रत्येक पेशी त्या माशाबरोबर मरते. फक्त यांची वंशावळ पुढे चालते.

जव्हारकडच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. जेठात कणगीचा तळ दिसायला लागला तरी नागली-वरईच्या बियाण्याच्या गाडग्याला हात लावायचा नसतो. खायचं धान्य वेगळं, पेरायचं वेगळं, आणि ती वाटणी खळ्यावरच झालेली असते. प्रश्न इतकाच, की माशाच्या अंड्यात खळं कुठे आहे?

विज्ञानात हा प्रश्न मांडला गेला तोच मुळी माशांवरून आणि बेडकांवरून. मोरिट्झ नुसबाउम या जर्मन संशोधकाने १८८० मध्ये सांगितलं, की जननपेशी शरीराच्या इतर पेशींतून मागाहून तयार होत नाहीत, त्या फार लवकर वेगळ्या पडतात. कार्ल आयगेनमान या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये पिल्लं जन्माला घालणाऱ्या एका समुद्री माशात हीच लवकरची फारकत दाखवली. पुढच्याच वर्षी ऑगस्ट वाइसमानचा जननद्रव्यावरचा ग्रंथ आला: देह नश्वर, जननद्रव्य पिढ्यान्‌पिढ्या अखंड. वाइसमानचं नाव मोठं झालं, पण त्याच्याकडे तत्त्व होतं आणि माशांवर काम करणाऱ्या या दोघांकडे काचपट्ट्या होत्या. मला काचपट्टीवाले जास्त जवळचे वाटतात.

पुढची शंभर वर्षं लोक सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या, गोलसर, ठळक केंद्रकाच्या पेशी शोधत राहिले. अडचण अशी, की भ्रूण बऱ्यापैकी वाढल्याशिवाय या पेशी वेगळ्या ओळखूच येत नसत. त्याआधी त्या कुठे असतात, यावर नुसते वाद. वाद मिटला तो आपल्याकडच्याच एका माशामुळे. झेब्राफिश हा पट्ट्यापट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी अमेरिकेत ओरेगॉनला तो प्रयोगशाळेत रुळवला; त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८१ चा. सह्याद्रीच्या ओढ्यांत याचे चुलतभाऊ, डेव्हॅरिओ प्रजातीचे चपळ मासे, आजही झुंडीने दिसतात. झेब्राफिशचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं आणि पहिल्या पेशीपासून सगळं उघड्यावर घडतं.

१९९७ मध्ये यून, कावाकामी आणि हॉपकिन्स यांनी ‘वासा’ नावाच्या जनुकाचा आरएनए या भ्रूणात कुठे आहे ते रंगवून पाहिलं. अंडं फळल्यावर साधारण पाऊण तासाने त्याचे दोन भाग होतात, मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. दोन पेशी होताना मधली जी खाच पडते, तिच्या दोन्ही टोकांना वासाचे दोन बारीक ठिपके दिसले. चार पेशी होताना नव्या खाचेवर आणखी दोन. एकूण चार. त्यानंतर पेशी वाढत जातात, आठ, सोळा, बत्तीस, हजार. पण ठिपके चारच राहतात. पेशी विभागली की ठिपका एकाच लेकीकडे जातो, दुसरीला काही मिळत नाही. तीन तासांनी हजारभर पेशींच्या ढिगात चार पेशींकडेच तो ऐवज असतो. चौथ्या तासाच्या सुमाराला नियम बदलतो, ठिपका केंद्रकाभोवती पसरतो आणि दोन्ही लेकींना वाटून मिळायला लागतो. दिवसअखेर पंचवीस ते पन्नास जननपेशी तयार असतात. खळ्यावरची वाटणी पहिल्या तासातच झालेली आहे. तोवर भ्रूणाला डोकं कुठे आणि शेपूट कुठे हेसुद्धा दिसत नाही.

हा ऐवज आला कुठून? आईकडून. अंडं अंडाशयात कोवळं असतानाच त्यात एक गोळा जमतो. त्याला बालबियानी पिंड म्हणतात. ‘बकी बॉल’ नावाचं प्रथिन हा गोळा बांधतं. ते नसलं तर गोळा बनतच नाही. याच गोळ्यातून जननद्रव्य अंड्याच्या कडेला पोचतं आणि फळल्यावर खाचांच्या टोकांशी गोळा होतं. हे गोळा होणं आपोआप घडत नाही, पेशीच्या सांगाड्यातले धागे ते ओढून आणतात. त्या ओढकामात एक मातृप्रथिन लागतं, हे २०१३ मध्ये ज्या गटाने दाखवलं त्यात श्रीलजा नायर होत्या. पुढे मुंबईत, आधी टीआयएफआर आणि मग आयआयटीत, त्यांनी झेब्राफिशच्या पहिल्यावहिल्या विभाजनांवरच काम चालू ठेवलं. म्हणजे जव्हारपासून तीन-चार तासांच्या अंतरावर या प्रश्नावर काम होत आलं आहे.

आता ताटातल्या गाबोळीकडे पुन्हा पाहा. त्यातला दाणा म्हणजे मासोळीची होऊ घातलेली लेक. आणि त्या लेकीच्या पोटच्या अंड्यांची तरतूदही आजीने त्याच दाण्यात करून ठेवलेली. एका घासात तीन पिढ्या.

सगळे मासे असंच करतात असं मात्र नाही. जपानी भातखाचरातला मेडाका घ्या. त्याच्यात वासाचा आरएनए सुरुवातीला सगळ्या पेशींत सारखाच पसरलेला असतो, झेब्राफिशसारखे चार ठिपके दिसत नाहीत. स्टर्जन या जुन्या घराण्यातल्या माशात जननपेशी बेडकासारख्या अंड्याच्या खालच्या, पीतकाच्या बाजूला तयार होतात. उंदरात आणि माणसात आईने अंड्यात असा ऐवज ठेवलेला नसतो. भ्रूणातल्या काही पेशींना शेजारच्या पेशी रासायनिक निरोप देतात आणि त्या जननपेशी बनतात. वारसा की नेमणूक, हे दोन मार्ग आहेत आणि प्राण्यांनी दोन्ही वापरले आहेत. पाठ्यपुस्तकांत ‘माशांमध्ये असं असतं’ असं छापलेलं असतं तिथे ‘झेब्राफिशमध्ये असं असतं’ असं वाचावं.

जननद्रव्य मिळालं म्हणजे काम झालं असंही नाही. इतर पेशींतही आईने पाठवलेले ‘नॅनॉस’सारखे आरएनएचे निरोप थोडेफार शिरलेले असतातच. ते पुसायला भ्रूण एक अतिसूक्ष्म आरएनए तयार करतो, मिर-४३० नावाचा. तो असे निरोप शोधून नष्ट करतो. मग जननपेशींतले निरोप कसे वाचतात? तिथे ‘डेड एंड’ नावाचं प्रथिन आडवं उभं असतं. ते निरोपाला चिकटतं आणि पुसणाऱ्याला जागाच देत नाही. हे प्रथिन काढून टाकलं की जननपेशी वाट चुकतात, मरतात, आणि वंश तिथेच संपतो. नाव त्यावरूनच पडलं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग त्यांच्या प्रवासाचा. जननपेशी जिथे जन्मतात तिथे त्यांचं घर नसतं. चार ठिपक्यांच्या चार टोळ्या भ्रूणाच्या चार कोपऱ्यांत असतात आणि अंडाशय किंवा वृषण जिथे व्हायचं ती जागा अजून घडायची असते. साडेचार तासांच्या आसपास त्या चालायला लागतात. त्यांना ना पाय ना शेपूट. पेशीच्या आवरणावर एका बाजूला फुगा येतो, आतलं द्रव्य त्यात ओतलं जातं आणि पेशी तेवढी पुढे सरकते. दिशा दाखवतो एक रासायनिक गंध. वाटेवरच्या पेशी एक प्रथिन सोडतात, जननपेशींच्या अंगावर ते ओळखणारा ग्राहक असतो. २००२-०३ मध्ये एरेझ राझ यांच्या आणि इतर गटांनी हे उलगडलं. गंधाचा माग तेवढ्याने लागत नाही, कारण जुना गंध रेंगाळला तर पेशी फसेल. म्हणून इतर पेशी तो गंध सतत शोषून घेतात आणि माग ताजा ठेवतात. नदीला लाल पाणी आल्यावर चढणारा मासा आणि त्याच्याच अंड्यात चोवीस तासांत आपली वाट शोधणारी पेशी, दोघांचं काम एकच. जाता जाता सांगायचं तर आपल्या अस्थिमज्जेत रक्ताच्या मूळपेशी टिकवून धरणारी जोडी या प्रथिनाची आणि ग्राहकाचीच आहे, आणि एचआयव्ही विषाणू पेशीत शिरायला वापरतो त्यांतला एक दरवाजाही हाच ग्राहक आहे.

घरी पोचल्यावर नर-मादीचा प्रश्न येतो. समज असा, की देह आधी नर किंवा मादी ठरतो आणि जननपेशी मुकाट्याने शुक्रजंतू किंवा अंडी बनतात. माशांनी हा समज मोडला. झेब्राफिशच्या भ्रूणातल्या जननपेशी काढून टाकल्या तर सगळी पिल्लं नर होतात, अर्थात वांझ. मेडाकातही तेच, गुणसूत्रांनी मादी असलेला मासा जननपेशींविना नराचं रूप घेतो. उलट, मेडाकाच्या एका उत्परिवर्तित वाणात जननपेशी बेसुमार वाढतात आणि गुणसूत्रांनी नर असलेले कित्येक मासे मादी होतात. पेशी भरपूर असल्या तर मादी, कमी असल्या तर नर, असा ढोबळ हिशेब. पण गोल्डफिश आणि लोच हे मासे हा हिशेब मानत नाहीत, त्यांच्या जननपेशी काढल्या तरी नर नरच आणि मादी मादीच राहते. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी मेडाकाच्या मादीतलं ‘फॉक्सएल-थ्री’ हे एकच जनुक बंद केलं, तर तिच्या अंडाशयातच कामाचे शुक्रजंतू तयार झाले. देह मादीचा, बी नराचं.

मेडाकाचं नाव निघालं की मुंबईच्या एका जुन्या कामाची आठवण होते. १९४० मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांतून एका नव्या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं: होराइक्थिस सेटनाय. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मुंबईच्या मत्स्य खात्याचे डॉ. सेटना यांच्या नावांवरून ठेवलेलं नाव. दोन-तीन सेंटिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक. याचा नर शुक्रजंतूंची काटेरी पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो, अंडी तिच्या पोटातच फळतात आणि मग ती घातली जातात. कुलकर्णींनी फक्त मापं घेतली नाहीत, अंड्यापासून पिल्लापर्यंतची वाढही नोंदवली. आज हा मासा मेडाकाच्याच ओरायझिअस या प्रजातीत धरला जातो. जपान्यांनी भातखाचरातला मासा घेऊन जगाला जननपेशींचं शास्त्र शिकवलं. त्याचाच विलक्षण सवयींचा भाऊबंद आपल्या खाड्यांत आहे, आणि आपण त्याला बहुतेक विसरलो.

कुलकर्णींचंच दुसरं काम डोंगरातल्या वाचकांच्या जास्त जवळचं. १९७१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी दख्खनी महाशीरच्या विणीच्या सवयी, अंडी आणि सुरुवातीची वाढ यांवर लेख लिहिला. त्याच सुमारास लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने महाशीरचं बीजोत्पादन सुरू केलं. धरणाच्या तळ्यात पावसाळ्यात पकडलेल्या मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, नराचा चिक मिसळायचा आणि वाहत्या पाण्यात ती उबवायची. तिथली पिल्लं देशात दूरदूर गेली. या महाशीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. त्यातलं खुद्री हे नाव सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दिलं. त्याने दख्खनच्या माशांना नावं देताना बाजारातले मराठी शब्दच उचलले: गारा मुल्या म्हणजे आपला मळ्या, मिस्टस सींगटी म्हणजे शिंगटी, कोलस म्हणजे कोळशी. म्हणजे लॅटिन नावांत मराठी तेव्हाच शिरली. नंतरच्या संशोधनात मात्र या माशांच्या वाट्याला फार थोडं आलं.

आता उपयोगाकडे. जपानचे गोरो योशिझाकी आणि सहकारी यांनी २००४ मध्ये इंद्रधनुषी ट्राउटच्या आद्य जननपेशी मासू सामन या दुसऱ्या जातीच्या पिल्लांत सोडल्या. पेशींनी गंधाचा तोच माग काढला, परक्या देहात आपलं घर शोधलं, आणि मोठ्या झालेल्या सामनने ट्राउटचे शुक्रजंतू दिले. २००७ मध्ये वांझ सामनच्या जोडीपासून निव्वळ ट्राउटची पिल्लं मिळाली. पुढे तर गोठवून ठेवलेल्या वृषणातल्या पेशींपासून अंडीसुद्धा तयार झाली. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. माशाचे शुक्रजंतू उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतात, पण अंडं मोठं, पीतकाने आणि पाण्याने भरलेलं, गोठवताना फुटतं. मादीकडचा वारसा राखायचा तर जननपेशीच राखायला हव्यात. दुसरा उपयोग उलट दिशेचा: नॉर्वेत २०१६ मध्ये सामनच्या भ्रूणातलं डेड एंड जनुक मोडून वांझ मासे केले, म्हणजे पिंजऱ्यातून पळालेला पाळीव मासा रानातल्या वंशात मिसळणार नाही. बंदी असूनही चोरून पाळला जाणारा आफ्रिकन मांगूर ज्या राज्यात आहे, तिथे या कल्पनेकडे दुर्लक्ष परवडणारं नाही.

आपल्याकडे मत्स्यबीज म्हटलं की कटला, रोहू, मृगळ. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पियूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या कुळातल्या माशांना तळ्यात विणायला लावलं. तेव्हापासून बोटुकली बाजारात मिळायला लागली आणि देशभरच्या धरणांत सोडली गेली. चांगलं झालं, लोकांना मासा मिळाला. पण मळ्याला, शिंगटीला, डोंगराच्या ओढ्यातल्या बारीक माशाला इंजेक्शन सहसा कुणी दिलं नाही. ते आजही वलगणीवरच विणतात. आणि त्या वाटेवर मोखाड्यात कोचाळ्याजवळ शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण उभं आहे, वर अप्पर वैतरणा, खाली १९५७ चं मोडकसागर. मुंबईच्या नळाला बरंच पाणी जातं ते या तिघांतून. भिंतीच्या खालच्या माशाला वरचा ओहोळ आता नाही.

जव्हारमध्ये बायफ संस्थेने भाताच्या देशी वाणांच्या बियाणे बँका शेतकऱ्यांच्या हातून उभ्या केल्या. माशांसाठीही तसं करावं, जननपेशी गोठवाव्यात, असं म्हणायचा मोह होतो. माझं मत वेगळं आहे. भाताचं बी वाचलं कारण ते दरवर्षी पेरलं गेलं. नुसतं बाटलीत राहिलं असतं तर वाण राहिला असता, पीक गेलं असतं. नायट्रोजनच्या टाकीला ओहोळ नसतो. शिवाय योशिझाकींच्या तंत्राला आधी त्या जातीची प्राथमिक माहिती लागते: कधी विणते, अंडं केवढं, किती तासांत फुटतं, जननपेशी कितव्या दिवशी घरी पोचतात. मेडाका आणि झेब्राफिश यांत दोन टोकांचा फरक असेल तर मळ्याचं उत्तर त्यांच्यावरून काढता येणार नाही. ते मळ्यालाच विचारावं लागेल.

त्याला लाखोंची यंत्रं लागत नाहीत. वासाचे ठिपके रंगवायला प्रयोगशाळा लागते हे खरं, पण कुलकर्णींनी १९४० मध्ये केलेली नोंद साध्या सूक्ष्मदर्शकावर झाली. जव्हारच्या महाविद्यालयातल्या किंवा एखाद्या आश्रमशाळेतल्या शिक्षकांनी यंदा वलगणीच्या पहिल्या रात्रीनंतर खाचराच्या कडेच्या गवतातून चिमूटभर अंडी बशीत घ्यावीत, ओहोळाचंच पाणी घालावं, सावलीत ठेवावीत आणि दर तासाला भिंगातून बघून वहीत लिहावं: गावाचं नाव, तारीख, पाण्याचं तापमान, अंड्याचा रंग, पिल्लू निघाल्याची वेळ. माशाचं नाव आजीला विचारून घ्यावं, पुस्तकातून नको. आणि पिल्लं निघाली की बशी परत खाचरात रिकामी करावी.